मायक्रोसेकंदांत लागणारा माग

शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधला टेव्हाट्रॉन हा कणत्वरक 30 सप्टेंबर 2011 रोजी बंद झाला. टॉप क्वार्कच्या शोधासाठी त्याचं नाव घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण तिथल्या सीडीएफ प्रयोगातली एक यंत्रणा मला तितकीच मोलाची वाटते. तिचं नाव सिलिकॉन व्हर्टेक्स ट्रिगर, म्हणजेच एसव्हीटी.

टेव्हाट्रॉनमध्ये दर 396 नॅनोसेकंदांनी प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉनांचे पुंजके एकमेकांना भिडत. त्यातलं सगळं साठवणं अशक्यच. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ट्रिगर ठरवतो, आणि त्याने सोडलेली टक्कर नंतर कितीही मोठा संगणक लावला तरी परत मिळत नाही. बॉटम क्वार्क असलेला कण जेमतेम मिलिमीटरभर पुढे जाऊन फुटतो. त्यातून निघालेल्या कणांचे मार्ग मागे वाढवले, तर ते टकरीच्या बिंदूपासून शंभरेक मायक्रॉन बाजूने जातात. एवढासा फरक टिपायचा तर मार्ग जुळवणं भाग होतं, आणि तेही निर्णयाची वेळ टळण्याआधी.

यावरची युक्ती पिझाच्या माउरो देल्लोर्सो आणि लुचानो रिस्तोरी यांनी 1989 मध्ये मांडली. संभाव्य मार्गांचे नमुने आधीच चिपमध्ये भरून ठेवायचे. हाउजीत आकडा पुकारला की सगळेजण एकदमच आपापल्या तिकिटावर बघतात, तसा डिटेक्टरमधला प्रत्येक ठिपका सगळ्या नमुन्यांशी एकाच वेळी ताडून बघायचा. शेवटचा ठिपका येईपर्यंत जुळलेले नमुने हाती असतात. मग फक्त त्यांच्यावर रेषीय सूत्र लावून अचूक मार्ग काढायचा. एसव्हीटी हे काम सुमारे 20 मायक्रोसेकंदांत करी. डिटेक्टरच्या प्रत्येक 30 अंशांच्या पाकळीसाठी तिच्यात 32 हजार नमुने होते, पुढे ते 5 लाखांवर गेले.

फळ 2006 मध्ये मिळालं. बॉटम क्वार्क असलेला बी-एस मेसॉन स्वतःच्या प्रतिकणात आणि परत कणात सेकंदाला सुमारे 3 लाख कोटी वेळा बदलतो, हे सीडीएफने मोजलं. त्यासाठी लागणारी हॅड्रॉनी, म्हणजे फक्त क्वार्कांनी बनलेल्या कणांत होणारी, विघटनं एसव्हीटीशिवाय साठवलीच गेली नसती. शेजारच्या डी-झिरो प्रयोगाने काही आठवडे आधी या वारंवारतेच्या दोन्ही मर्यादा सांगितल्या होत्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या प्रयोगात होती. डी-झिरोने मार्गांची समीकरणं थेट एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली जोडणी हवी तेव्हा बदलता येणाऱ्या चिपमध्ये बसवली होती.

या दोन वाटांपैकी कोणती टिकेल, हे पुढच्या दशकात ठरलं. सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या त्वरकावरच्या अ‍ॅटलास प्रयोगाने नमुन्यांच्या चिपवर एफटीके ही मोठी यंत्रणा उभारायला घेतली. एकेका चिपमध्ये सव्वा लाखाहून अधिक नमुने मावत होते. तरीही 2019 मध्ये ते काम थांबवलं गेलं. तिथल्याच सीएमएस प्रयोगात तीन प्रस्ताव समोरासमोर होते. त्यातल्या एकात तर पॉल हफ यांनी बबल चेंबरच्या छायाचित्रांसाठी 1959 मध्ये सुचवलेली पद्धत एफपीजीएवर आणली होती. शेवटी नमुन्यांची खास चिप वगळून संपूर्ण एफपीजीएची वाट निवडली गेली. ती निवड मला योग्य वाटते. खास चिप घडवायला वर्षं जातात आणि तोवर भौतिकशास्त्राचे प्रश्नच बदललेले असतात.

1985 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या एफपीजीएत 64 तर्कखंड होते. आता सीएमएससाठी निवडलेल्या चिपमध्ये नुसते गुणाकार करणारे विभागच 12,288 आहेत. गरजही तशीच आहे. नव्या, अधिक तीव्र एलएचसीमध्ये दर 25 नॅनोसेकंदांनी 200 पर्यंत टकरी एकावर एक येतील. म्हणून गाळणी सीएमएसच्या डिटेक्टरमध्येच सुरू होते. काही मिलिमीटर अंतरावरच्या दोन सिलिकॉन पत्र्यांवरचे ठिपके ताडले, की 3.8 टेस्ला चुंबकीय क्षेत्रात फार वळलेले, म्हणजे सुमारे 2 जीईव्हीपेक्षा कमी आडव्या संवेगाचे कण तिथेच गळतात. उरलेल्यांचे मार्ग एफपीजीए सुमारे 4 मायक्रोसेकंदांत काढतील. संपूर्ण निर्णयाला 12.5 मायक्रोसेकंद मिळतील.

ही रचना मुळात टकरीच्या बिंदूतून निघणाऱ्या मार्गांसाठी आखलेली आहे. दीर्घायुषी नवे कण असलेच, तर त्यांचे मार्ग सेंटिमीटरभर लांबून सुरू होतील आणि मूळ रचनेला ते सापडणार नाहीत. पण त्यांच्यासाठी वेगळी चिप घडवावी लागत नाही. त्याच पद्धतीची विस्तारित आवृत्ती आता लिहिली जात आहे.