तळघर दिसलं, हप्ताही घेतला

वैयक्तिक आरोग्यविमा आणि आयुर्विमा यांच्या हप्त्यांवरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला आणि एजंटांना नवा मुद्दा मिळाला, ‘आता तरी घ्या, साहेब!’ घ्यावाच. पण उतरला तो कर. पॉलिसीच्या मागच्या पानांवरचा बारीक मजकूर आहे तिथेच आहे, आणि कोर्टातली भांडणं बहुतेक त्याच मजकुरावरून होतात.

यातला माझा लाडका खटला तळघराचा. एका व्यापारी कंपनीने २०१२ मध्ये दुकानाचा आगीचा विमा उतरवला. दुकान तळघरात. विमा कंपनीने जागा पाहिली, हप्ता घेतला, पॉलिसी दिली. पुढे आग लागली, क्लेम दाखल झाला आणि कंपनीला आपलंच कलम आठवलं : तळघराला संरक्षण नाही! ज्या एका जागेसाठी विमा घेतला, नेमकी तीच वगळलेली. मग हप्ता कशाचा घेतला? भिंतींचा की हवेचा?

‘टेक्स्को मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीचे कान उपटले. मूळ कराराचाच जीव घेणारं असं कलम अन्याय्य ठरलं. एक्सक्लूजन लागू होतं हे सिद्ध करायचं कंपनीने, आणि ते ग्राहकाला आधी समजावून सांगायचं तेही कंपनीनेच. छापील करारावर ग्राहक फक्त सही करतो, अटी ठरवताना त्याला कोणी विचारत नाही, याची दखल न्यायालयाने घेतली.

असाच हिशेब उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये झाला. २०२० च्या खरिपात काढणीच्या तोंडावर पावसाने सोयाबीन झोडपलं. नुकसान ७२ तासांत कळवलं नाही, म्हणून पीकविमा कंपनीने हात वर केले. शिवारात पाणी साचलेलं असताना शेतकऱ्याने आधी पीक वाचवायचं की घड्याळ बघायचं? मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तर तिथे आधी २०० कोटी रुपये भरायला सांगण्यात आलं.

पण कोर्ट डोळे झाकून ग्राहकाच्या बाजूने उभं राहत नाही. २०१९ मध्ये एका आयुर्विम्याच्या प्रकरणात, आधी काढलेली दुसरी पॉलिसी फॉर्ममध्ये दाखवली नव्हती एवढ्यावरून क्लेम नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं. न वाचता सही केली, ही सबब चालली नाही. तीन वर्षं उलटली की आयुर्विमा कंपनीला अशी लपवाछपवी उकरून काढता येत नाही. आरोग्यविम्यात ही मुदत ६० महिन्यांची, मात्र फसवणूक सिद्ध झाली तर तिथे माफी नाही. क्लेम अडलाच, तर ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी विमा लोकपालांकडे विनाशुल्क नेता येतात.

तेव्हा फॉर्म एजंटच्या हाती देऊ नका. मधुमेह, जुनं ऑपरेशन, आधीची पॉलिसी, सगळं स्वतः लिहा. दुकान तळघरात असेल तर ‘तळघर’ असं ठळक अक्षरांत लिहा आणि फॉर्मची प्रत जपून ठेवा. मग ‘आम्हाला दिसलंच नाही’ असं कंपनीला म्हणता येणार नाही.