पांचशें डॉलरांची शर्यतीची मोटार

मोटारींच्या शर्यती म्हटल्या कीं, तो धनिकांचा महागडा शौक, अशी आपली समजूत असते व ती पुष्कळ अंशीं खरीहि आहे. परंतु अमेरिकेंत एक शर्यत अशी भरते कीं, तींत महाग गाडीस प्रवेशच नाहीं. फ्रान्समधील ल मां या गांवीं १९२३ सालापासून चोवीस तासांची एक नामांकित शर्यत होत आली आहे. तिच्या नांवावर कोटी करून जे लॅम या मोटारविषयक लेखकानें २००६ सालीं कॅलिफोर्नियांत ‘चोवीस तासांची लेमन्स’ या नांवाची हौशी लोकांची शर्यत सुरू केली. लेमन म्हणजे लिंबू; परंतु अमेरिकन बोलींत, घेणाऱ्यास पस्तावा करावयास लावणाऱ्या सदोष गाडीसहि लेमन म्हणतात. आतां ही शर्यत तेथील अनेक राज्यांत भरते.

तिचा मुख्य नियम असा कीं, गाडीची खरेदी व तिची तयारी मिळून खर्च ५०० डॉलरांहून अधिक होतां कामा नये. परीक्षक शर्यतीपूर्वीं गाडी पाहतात व मालकास खोदून प्रश्न विचारतात. मर्यादेबाहेर खर्च झाल्याचें दिसल्यास दर १० डॉलरांमागें एक फेरी वजा करतात. मात्र चालकाच्या संरक्षणाचें सामान, ब्रेक, चाकें व टायर यांचा खर्च या मर्यादेंत धरीत नाहींत. हा अपवाद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें मर्म पुढें उघड होईल.

थोड्या पैशांत गाडी वेगवान कशी करावी? हौशी मंडळींचा आवडता उपाय म्हणजे मोडीच्या आवारांतून मोठें इंजिन आणून लहान गाडींत बसविणें. एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. जनरल मोटर्स कंपनीनें १९९७ सालच्या कॉर्व्हेट गाडींत आठ सिलिंडरांचें एक नवें इंजिन आणलें. त्याच घराण्यांतील ५.३ लिटरचें, बिडाच्या ठोकळ्याचें इंजिन १९९९ सालापासून कंपनीच्या मालवाहू गाड्यांत बसूं लागलें. त्या गाड्या फार मोठ्या संख्येनें खपल्यामुळें हें इंजिन मोडींत सहज मिळतें. त्याची शक्ति प्रारंभीं सुमारें २७० अश्वशक्ति होती. उलट, माझदा कंपनीची मियाता ही दोन जणांची चिमुकली गाडी १९८९ सालीं निघाली, तेव्हां तिचें इंजिन १.६ लिटरचें, सुमारें ११६ अश्वशक्तीचें होतें. अर्थात् इंजिन बदलतांच शक्ति दुपटीहून अधिक होते. पांचशें डॉलरांत एवढा मोठा बदल साधणें अवघड. तेथें बहुधा साधींच इंजिनें वापरतात. पण तत्त्व एकच आहे, आणि मोठ्या उदाहरणांत तें स्पष्ट दिसतें.

इंजिन झांकणाखालीं मावलें म्हणजे तें गाडींत बसलें, असें नव्हे. त्यास धरून ठेवणारे पोलादी टेकू नव्यानें घडवावे लागतात. इंजिनाच्या दांड्याची रेषा मागील आंसाकडे जाणाऱ्या दांड्याशीं जुळवावी लागते, नाहीं तर सांधे हादरून झिजतात. तो लांब दांडाहि बहुधा मापाप्रमाणें नवा करावा लागतो. क्लच व गिअरबॉक्स यांस नवें बळ पेलवेल कीं नाहीं, हें पाहावें लागतें. शिवाय आधुनिक इंजिनाचें पेट्रोल व ठिणगी यांवर एका लहानशा संगणकाची सत्ता असते. त्याच्या तारा एकेक ओळखून जोडाव्या लागतात. जड इंजिन पुढें आल्यानें गाडीचें नाक जड होतें व ती वळणावर वळावयास नाखूष असते; म्हणून जाणते लोक इंजिन शक्य तितकें मागें सरकवून बसवितात व पुढील स्प्रिंगा बदलतात.

त्यानंतर उष्णतेचा प्रश्न येतो. जळणाऱ्या पेट्रोलाच्या उष्णतेपैकीं सुमारें पाव ते तृतीयांश भागच चाकांच्या कामीं येतो. उरलेल्यांतील बराचसा धुरावाटे जातो, आणि पुष्कळसा इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यांत उतरतो. शक्ति दुप्पट झाली कीं, रेडिएटरावर पडणारा भारहि जवळजवळ दुप्पट होतो. बाजारांत जाऊन येणाऱ्या गाडीस जुना रेडिएटर कदाचित् पुरेल. तासन् तास पूर्ण जोरानें धांवणाऱ्या गाडीस तो पुरणार नाहीं.

तेलाची गोष्ट याहून नाजूक आहे. तें इंजिनाच्या तळाशीं एका पात्रांत असतें व तेथून पंप तें वर खेंचतो. लांबलचक वळणावर, हातांतील ताटांतलें पाणी हिसक्यासरशीं एका कडेस जावें, तसें हें तेल पात्राच्या एका बाजूस चढतें व पंपाच्या तोंडीं हवा येते. दांड्याभोंवतीं तेलाचा पातळ थर न राहिल्यास धातु धातूवर घांसतो आणि कांहीं क्षणांत इंजिन निकामी होऊं शकतें. पात्रांत पत्र्याचे आडवे पडदे सांधणें हा यावर स्वल्प खर्चाचा उपाय आहे. चार आण्यांच्या पत्र्यानें शेंकडों रुपयांचें यंत्र वांचावें, असाच हा प्रकार!

आतां ब्रेकांकडे वळूं. धांवत्या गाडीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी पदार्थविज्ञानांत शिकतातच. वेग दीडपट झाला, तर थांबवावयाचा जोर सव्वादोन पट होतो. हा सारा जोर ब्रेकांत उष्णता होऊन उतरतो. ब्रेकच्या साध्या जातीचें द्रव्य नवें असतांना सुमारें २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. पण हवेंतील ओलावा शोषल्यावर तें १४० अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. उकळल्यावर वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि चालकाचा पाय तळापर्यंत गेला तरी गाडी थांबत नाहीं. इंजिन बदलणाऱ्यानें ब्रेकांचा विचार प्रथम करावा, असें म्हणतात तें याचसाठीं.

चालकाच्या अंगाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा, घट्ट बैठक, अनेक पट्टे, शिरस्त्राण, आग सहन करणारा पोशाख व वीज एकदम तोडणारी कळ हीं सर्व साधनें शर्यतीपूर्वीं तपासलीं जातात. तीं नियमास उतरलीं नाहींत, तर गाडी कितीहि सुरेख असो, तिला पटांगणांत सोडीत नाहींत. आरंभीं सांगितलेल्या अपवादाचें मर्म हेंच होय. खर्चाची मर्यादा खेळासाठीं आहे. जीव मर्यादेच्या बाहेर आहे. पैसा वांचविण्याच्या भरांत कोणी पिंजऱ्यांत वा ब्रेकांत काटकसर करूं नये, म्हणून नियमकर्त्यांनीं तो मोहच काढून टाकला.

या शर्यतींत सर्वांत मोठा मान अतिशय वेगवान गाडीस मिळत नाहीं. अगदीं टाकाऊ गाडीकडून आश्चर्यकारक काम करवून घेणाऱ्या मंडळीस तो मिळतो. जागच्या जागीं बिकट दुरुस्ती करून पुन्हां धांवणाऱ्यांसहि गौरवितात. शक्तिमान इंजिनाची गाडी तासाभरांत तापून बाजूस उभी राहते आणि सामान्य पण नीट तपासलेली गाडी फेऱ्या मोजीत राहते, असें दृश्य तेथें नवें नाहीं.

आपल्याकडील हौशी तरुणांनीं एवढें मात्र ध्यानांत धरावें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदलेल्या गाडींत निराळ्या जातीचें इंजिन परवानगीवांचून बसवितां येत नाहीं. असले प्रयोग बंदिस्त पटांगणाचे. सार्वजनिक रस्त्याचे नव्हेत.

पालकांनींहि या खेळास केवळ उनाडपणा समजूं नये. हिशेब, पदार्थविज्ञान, हातांचें कसब व सहकार्य या चारहि गोष्टी त्यांत लागतात. आणि त्याहून मोलाची गोष्ट ही कीं, काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये, याचा विवेक त्यांत शिकावयास मिळतो. एक भाग बळकट केला कीं, त्याच्याशीं जोडलेल्या प्रत्येक भागावर नवा भार पडतो; तो कोण वाहणार, याचा विचार ज्यानें आधीं केला, त्याचीच गाडी अखेरची फेरी पुरी करते.