बारा कथा आणि लिहिणारा

सैन्यदलात अधिकारी होऊ पाहणारे सातारा-सांगलीचे उमेदवार सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे ‘एसएसबी’च्या, पाच दिवसांच्या निवडप्रक्रियेसाठी भोपाळ, बंगळुरू अशा ठिकाणी जातात, तेव्हा मैदानी कसोट्यांइतकेच महत्त्व त्यांच्या कथालेखनालाही असते. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली आणि याच जिल्ह्यातील एक गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने ओळखले जाते. त्यामुळे या कसोटीची चर्चा येथील घरांना नवी नाही, मात्र तिच्यामागचे मानसशास्त्र सहसा कोणी समजावून सांगत नाही.

या कसोटीचे नाव ‘थीमॅटिक अ‍ॅपर्सेप्शन टेस्ट’, संक्षेपाने टीएटी. हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी ती १९३५ साली हार्वर्डमध्ये मांडली. संदिग्ध चित्र पाहून कथा रचणारा माणूस स्वतःच्या इच्छा, भीती आणि इतरांविषयीच्या अपेक्षा नकळत पात्रांवर लादतो, या गृहीतकावर ती उभी आहे, म्हणून अशा चाचण्यांना प्रक्षेपण चाचण्या म्हणतात. एसएसबीत अकरा चित्रे आणि एक कोरी पाटी दाखवतात. चित्र पाहण्यास तीस सेकंद आणि कथा लिहिण्यास चार मिनिटे मिळतात. त्याच सत्रात आई-वडील, शिक्षक, मित्र आणि स्वतः उमेदवार त्याच्याविषयी काय मानतात, हेही लिहून द्यावे लागते, आणि कथांतील नायक या वर्णनाशी जुळतो की नाही, हे पडताळता येते.

कथेला गुण द्यायचे कसे, हा खरा कठीण प्रश्न. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ड्रू वेस्टेन यांच्या पद्धतीतून विकसित झालेली एक मापनश्रेणी कथेकडे आठ अंगांनी पाहते, प्रत्येक अंगाला एक ते सात गुण देते, आणि पात्रांना गुंतागुंतीचे मन आहे की ती केवळ चांगली किंवा वाईट आहेत, नात्यांतून माया अपेक्षित आहे की घात, एकाच्या वागण्यामागचे कारण दुसऱ्याला उमगते का, लिहिणाऱ्याला स्वतःविषयी आदर आहे का, अशा गोष्टी तपासते. ही श्रेणी मुख्यतः उपचार आणि संशोधनासाठी असून एसएसबी मात्र नेतृत्वाला लागणारे पंधरा गुण शोधते; दोन्हींचा कच्चा माल कथाच.

येथे संस्कृतीचा प्रश्न टाळता येत नाही. खटाव किंवा आटपाडीच्या उमेदवाराच्या कथेतील नायक विहीर खोदण्यापूर्वी चुलत्याचा सल्ला घेतो, असे समजू. परक्या वाचकाला त्यात पुढाकाराचा अभाव दिसेल, पण एकत्र कुटुंबात वाढलेल्याच्या दृष्टीने ती साधी रीत आहे, आणि चुलत्याला डावलणाराच नायक तिथे खटकेल. भारतीय चेहरे व पोशाख असलेली चित्रसंच-आवृत्ती उमा चौधरी यांनी तयार केली ती अशाच अडचणीमुळे उपयुक्त ठरते. तरी चित्र बदलले म्हणजे वाचणाऱ्याची नजर बदलतेच असे नाही.

दुसरी अडचण शिकवणी वर्गांची आहे. पूरग्रस्तांना वाचवणारा, गावात वाचनालय काढणारा, प्रत्येक वेळी यशस्वी होणारा नायक पाठ करून घेतला, की कथा उमेदवाराची न राहता वर्गाची होते. सर्वांत मोकळी असावी अशी कोरी पाटीच आता सर्वाधिक घोकलेली आढळते, कारण तिथे कोणतीही तयार कथा खपते. म्हणूनच परीक्षक एका कथेवर न विसंबता बाराही कथांत पुन्हा पुन्हा येणारे वळण शोधतो, आणि चार मिनिटांच्या घाईत बाराही वेळा उसने मन वापरणे बहुतेकांना जमत नाही.