पाण्यापासून इंधन : कोकणच्या पदरात काय?

कुडाळच्या बाजारातून भातासाठी युरियाची गोणी आणणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवाला विचारा, हे खत कशापासून होते? बहुधा तो हसेल. त्या पांढऱ्या दाण्यांचे मूळ नैसर्गिक वायूत आहे. अलिबागजवळ थळच्या आर.सी.एफ. कारखान्यात या वायूतून हायड्रोजन काढतात. हवेतील नायट्रोजनशी त्याचा संयोग करून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. अशा रीतीने एक किलो हायड्रोजन मिळवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय देशाला लागणारा जवळजवळ निम्मा वायू परदेशातून आणावा लागतो.

यावर पर्याय म्हणजे हरित हायड्रोजन. सूर्य वा वारा यांपासून मिळवलेली वीज पाण्यातून सोडली, की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग होतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी १९,७४४ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण ठरवले.

मग आपल्याला काय मिळणार? कोकणने एकदा धडा घेतला आहे. आयात वायूवर चालवण्यासाठी दाभोळला वीजप्रकल्प उभारला गेला. १९९९ साली तो सुरू झाला, पण वीज महाग पडते म्हणून वीज मंडळाने २००१ साली खरेदी थांबवली. जमीन मात्र कोकणची गेली.

वारा आणि ऊन आयात करावे लागत नाही. देवगडजवळ जामसंड्याच्या सड्यावर केव्हाच पवनचक्क्या उभ्या राहिल्या. इंधन इथले असेल तर पैसाही इथे राहू शकतो. मात्र तो आपोआप राहणार नाही.

मजूरमंत्री असताना १९४३ साली परमपूज्य बाबासाहेबांनी वीज केवळ मुबलक नव्हे, तर स्वस्तही हवी असा आग्रह धरला होता. कारण उद्योगाशिवाय गरिबी हटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. एक किलो हरित हायड्रोजनला पन्नासहून अधिक युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, तरी मे महिन्यात अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी लढलेल्या समाजाने हे विसरू नये. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा!

म्हणून उद्या असा प्रकल्प कोकणात आला तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा : पाणी कुठले घेणार? जमीन कोणाची जाणार? कायम नोकऱ्या कोणाला मिळणार?

आणि आजच तयारीला लागा. हायड्रोजन चटकन पेट घेतो. तो हाताळायला शिकलेले हातच लागतात. आपल्या मुलाला, आणि मुलीलाही, इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर हे ट्रेड शिकवा. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनाची वाट दाखवा. आपले आजे-वडील पोटासाठी बोटीने, एस.टी.ने मुंबईला गेले. कारखाना आपल्या दारात आल्यावरही आपली मुले फाटकावर रखवालदारच राहिली, तर दोष फक्त सरकारला देता येणार नाही. जयभीम!