साडेतीन गुंठे आणि दोन अज्ञाते

नवी मुंबईच्या गावांत सर्वांत बोलका आकडा कोणता, असे विचाराल तर तो 'साडेबारा टक्के'. उलव्यात, कामोठ्यात, खारघरात चहाच्या टपरीवर हे दोन शब्द उच्चारले की पुढचे काही सांगावे लागत नाही. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेते नि मिठागरे नव्या शहरासाठी संपादनाखाली आली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच पुढे मान्य झाले, की संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत मिळावा.

एकराचे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा वजा. हाती राहिले साडेतीन. इथवरचा हिशेब गावातल्या शाळा न पाहिलेल्या आजीलाही तोंडपाठ असतो. खरी परीक्षा पुढे आहे. भूखंड मिळतो, पण त्यावर इमारत उभी करायला पैसा नसतो. मग बिल्डर ओटीवर येऊन बसतो. ''काका, जमीन तुमची, बांधकाम आमचे. बोला, किती टक्के?''

काकांना ठाऊक असते ते एवढेच, की तयार इमारत कितीला जाते. पण त्या एका रकमेत दोन गोष्टी एकजीव झालेल्या असतात, जमिनीची किंमत आणि बांधकामाची किंमत. दहावीच्या पुस्तकात यांनाच 'क्ष' आणि 'य' म्हणतात. बापलेकांची वये आणि नावेचा वेग यांच्यापायी बदनाम झालेली ती एकसामयिक समीकरणे परीक्षा संपली की आपण विसरतो. पण त्यांचा नियम विसरण्याजोगा नाही. जितकी अज्ञाते, तितक्या अटी हव्यात. अट कमी पडली तर उत्तर सापडत नाही. उत्तर कोणीतरी आपल्याला देतो.

हिशेबाला सोपे जावे म्हणून काही आकडे मानून चालू. भूखंड ३०० चौरस मीटरचा. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर बराच काळ चटई क्षेत्र निर्देशांक दीड होता, तेव्हा बांधकाम ४५० चौरस मीटर. सगळे मिळून विक्री १ कोटी ९५ लाख. दर दोनशे मीटर जमिनीमागे तीनशे मीटर बांधकाम आणि येणे १ कोटी ३० लाख, असे हे प्रमाण पडते. बिल्डर म्हणतो, ''बांधकाम मला मीटरला तीस हजाराने पडते.'' ही झाली दुसरी अट. मांडा गणित. बांधकामाचे १ कोटी ३५ लाख, जमिनीला उरले ६० लाख. काकांचा वाटा तीस टक्क्यांच्या किंचित वर. गणितात चूक शोधून सापडणार नाही.

काका हुशार असतील तर शेजारच्या चुलतभावाकडे जातील. त्याचा भूखंड २०० मीटरचा, बांधकाम ३०० मीटर, विक्री १ कोटी ३० लाख. दुसरी अट मिळाली म्हणून काका खूश होतील, आणि तिथेच फसतील. कारण निर्देशांक दोघांनाही तोच दीड. भावाचे समीकरण म्हणजे काकांचेच समीकरण, फक्त दोन तृतीयांश करून लिहिलेले. अशी पन्नास उदाहरणे गोळा केली तरी माहिती एकाच समीकरणाची. गणितात अटींची संख्या मोजून भागत नाही; त्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात.

आता समजा, त्याच पट्ट्यात, त्याच सुमारास एक नवे बैठे घर विकले गेले आहे. जमीन २००, बांधकाम १००, किंमत ९० लाख. इथे जमीन आणि बांधकाम यांचे प्रमाणच निराळे आहे. जमीन तीच २०० मीटर, पण बांधकाम भावाच्या इमारतीपेक्षा २०० मीटरने कमी, आणि किंमत ४० लाखांनी कमी. म्हणजे बांधकाम, बिल्डरचा नफा धरूनही, मीटरला वीस हजार. मग जमिनीचा दर निघतो पस्तीस हजार. काकांचा भूखंड १ कोटी ५ लाखांचा, एकूण विक्रीच्या निम्म्याहून अधिक. साठ लाख आणि एक कोटी पाच लाख यांच्यात पंचेचाळीस लाखांचे अंतर आहे, आणि ते एका स्वतंत्र अटीचे मोल आहे.

बाजारभाव नेहमी असे सरळ रेषेत चालत नाहीत, हे मान्य. कोपऱ्याचा भूखंड, रुंद रस्ता, वरचा मजला, प्रत्येक गोष्टीने नवे अज्ञात येते. पण मग अटीही तितक्याच वाढवायला हव्यात, हा नियम काही बदलत नाही.

अट अपुरी असली तर काय म्हणता येते आणि काय नाही, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारासच दाखवून ठेवले आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने कोरवलेला शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे, तेव्हा हा वारसा काही परका नाही. त्यांच्या 'बीजगणिता'त चार माणसांचे एक उदाहरण आहे. प्रत्येकाकडे घोडे, उंट, खेचरे आणि बैल निरनिराळ्या संख्येत. चौघांची संपत्ती मात्र सारखी. तर जनावरांच्या किमती सांगा. अज्ञाते चार, आणि बरोबरीच्या स्वतंत्र अटी तीनच. उत्तर येते ८५, ७६, ३१ आणि ४. पण या चारही किमती दुप्पट केल्या, तिप्पट केल्या तरी उत्तर बरोबरच. किमतींचे परस्परांशी प्रमाण ठरले, प्रत्यक्ष किंमत ठरली नाही. ती ठरवायला आणखी एक अट हवी.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना हाच नियम निराळ्या वेषात भेटायचा. अर्जदाराचे मालसाठ्याचे पत्रक आणि विक्रीचा तक्ता एकमेकांशी पैपैशाने जुळत. जुळणारच, दोन्ही एकाच मुनिमाच्या हातचे. साक्षीदार दोन, तोंड एकच. म्हणून जाणता अधिकारी कारखान्याचे विजेचे बिल मागवी. ते बिल मुनिमाने लिहिलेले नसे.

काळ पुढे गेला. विमानतळासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी साडेबाराचे साडेबावीस टक्के झाले. 'नैना'च्या नगररचना योजनांत मालकाकडे चाळीस टक्के जमीन राहते. टक्के वाढले याचा आनंद मानावा, पण टक्का हे अजून अर्धेच वाक्य आहे. कशाचे टक्के, आणि ती किंमत कोणी सांगितली, हे उरलेले अर्धे. गावोगावची मुले आता इंजिनियर, वकील होत आहेत. ओटीवर करारनामा वाचला जाईल तेव्हा त्यांच्यापैकी एकाने पाटीवर दोन समीकरणे मांडावीत आणि एवढेच विचारावे, की यातले दुसरे कोणाच्या तोंडचे आहे? ते समोरच्या पक्षाचे असेल, तर सही एक दिवस पुढे ढकलावी आणि त्या दिवसात गावात एखादे बैठे घर शोधावे.