शंखातल्या पाहुण्याला हवा ओलावा आणि एकांत

अमेरिकेत न्यू जर्सी किंवा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सुटी घालवून परतणाऱ्या कुटुंबांच्या सामानात पुष्कळदा तारेचा एक छोटा पिंजरा असतो. आत रंगीत शंख पाठीवर वाहणारा खेकडा, म्हणजेच 'हर्मिट क्रॅब'. तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलांनाही त्याची भुरळ पडली तर नवल नाही. ‘याला फारसे काही लागत नाही’, असे दुकानात सांगितले जाते. काही आठवड्यांतच खेकडा मरतो आणि आपले काय चुकले, हे मुलाला उमगत नाही.

वस्तुतः ऱ्हासाला सुरुवात खरेदीपूर्वीच झालेली असते. बाजारातील जवळपास सर्वच खेकडे कॅरिबियन किनाऱ्यांवरून पकडून आणलेले असतात. बंदिस्त जागेत त्यांची पैदास अत्यंत अवघड आहे. पकड, प्रवास आणि दुकानातील कोरडी हवा यांनी ते आधीच खचलेले असतात. हा प्राणी जमिनीवर राहत असला, तरी श्वास घेतो तो कल्ल्यांनीच, आणि कल्ले ओले राहिले तरच. कोरड्या हवेत तो गुदमरतो, पण इतक्या सावकाश की पाहणाऱ्याला तो केवळ सुस्त वाटतो. पाय गळणे वा शंख सोडून उघडे फिरणे ही गंभीर ताणाची लक्षणे होत.

त्यामुळे तारेचा पिंजरा प्रथम बाजूला ठेवावा. झाकण असलेली काचेची टाकी घ्यावी. आतील आर्द्रता सुमारे ८० टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखावे. साधा आर्द्रतामापक येथे फार उपयोगी पडतो. तळाशी पाच भाग वाळू व एक भाग नारळाचा भुसा यांचा किमान १५ सेंटीमीटर जाडीचा ओलसर थर द्यावा. पाण्याची भांडी दोन हवीत, एक गोड्या व दुसरे खाऱ्या पाण्याचे. खारे पाणी मत्स्यालयासाठीच्या सागरी मिठाचे असावे. स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही. नळाचे पाणी रात्रभर ठेवले की क्लोरीन उडून जातो खरा. परंतु अमेरिकेतील अनेक शहरांत वापरले जाणारे क्लोरामाइन तसे उडत नाही, त्यासाठी मत्स्यालयाचे औषध घालावे लागते. मोठ्या मापाचे, न रंगवलेले चार-दोन रिकामे शंखही जवळ ठेवावेत. खाण्यास उकडलेले अंडे, सुकवलेली बिनमिठाची कोळंबी, खोबरे, फळांचे तुकडे यांपैकी काहीही चालते.

यानंतरचे काम मुलांसाठी सर्वांत कठीण, ते म्हणजे हात न लावणे. नवा खेकडा बहुधा वाळूत शिरतो आणि कात टाकण्यासाठी महिना-दोन महिने, कधी त्याहूनही अधिक काळ गाडलेलाच राहतो. मेला असावा, या शंकेने त्याला उकरून काढणे हीच सर्वांत घातक चूक. त्या अवस्थेत त्याचे कवच मऊ असते आणि टाकलेली जुनी कात खाऊन तो नवे कवच घट्ट करीत असतो. कुजलेल्या मासळीसारखी तीव्र दुर्गंधी येत नाही, तोवर थांबावे. आधी गळालेला पायही काही वेळा कात टाकल्यावर पुन्हा फुटतो.

इतके करूनही काही खेकडे वाचत नाहीत, आधीची हानी भरून येत नाही. जे तगतात ते मात्र योग्य निगा राखल्यास तीस वर्षेही जगू शकतात. तारेच्या पिंजऱ्यासोबत ही माहिती मिळत नाही.

कोकणच्या किंवा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दिसणारे चालते शंख मात्र घरी आणू नयेत. त्यांतील बहुतेक खेकडे समुद्राच्या पाण्यावरच जगणारे असतात. वरील व्यवस्थेत ते टिकणार नाहीत.