वाळवंटातील पाणी वाचावयास शिकूया
पेत्रा व वादी रम येथील अभ्यासयात्रेच्या निमित्ताने

पवित्र भूमीच्या यात्रेस जाणारे मुंबई-वसई परिसरातील भाविकांचे गट अनेकदा जॉर्डनमार्गे जातात. नबो पर्वतावरून यार्देनेपलीकडचा प्रदेश न्याहाळणे, मादबा येथील चर्चच्या जमिनीवरील सहाव्या शतकातील मोझेइक नकाशा पाहणे, पेत्रा नगरीच्या अवशेषांत अर्धा दिवस घालविणे आणि शक्य झाल्यास वादी रमच्या वाळूत जीपने फेरफटका मारणे, असा या प्रवासाचा साधारण क्रम असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धानंतर अनेक गटांनी आपले बेत रद्द केले व पेत्राच्या प्रेक्षकांची संख्याही बरीच रोडावली. जे आज ना उद्या जाणार आहेत, त्यांना तयारीसाठी हा अवधी उपयोगी पडावा.

पेत्राविषयीची माहितीपत्रके गुलाबी खडक, कोरीव दर्शनी भिंती व छायाचित्रे काढण्याच्या जागा यांनी भरलेली असतात. ते सारे सुंदर आहेच. परंतु ज्या एका गोष्टीवाचून त्या नगरीचा अर्थच लागत नाही, ती म्हणजे पाणी. वाळवंटात पाण्याचे ज्ञान असेल तर नगर उभे राहते आणि ते विसरले तर माणसे प्राणास मुकतात. पेत्राचे अवशेष या दोन्ही गोष्टींची साक्ष देतात.

बायबलमधील अरबस्थान

अम्मानपासून दक्षिणेस सुमारे २३० किलोमीटरवर, प्राचीन अदोमच्या डोंगराळ मुलखात पेत्रा वसलेले आहे. येथे नबाती या अरब लोकांची राजधानी होती. बायबलच्या वाचकांना हे लोक अगदीच अपरिचित नाहीत. आपण अरबस्थानात गेलो होतो असे संत पौल गलतीकरांस लिहितात; तो अरबस्थान म्हणजे नबाती राज्याचाच प्रदेश असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिमिष्कातून टोपलीत बसून निसटल्याची जी हकीकत येते, तीत अरीतास राजाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. हा राजा म्हणजे इ.स.पूर्व ९ ते इ.स. ४० या काळात राज्य करणारा नबाती राजा चौथा अरीतास होय. हेरोद अंतिपाने हेरोदियेसाठी जिला दूर केले, ती त्याची पहिली पत्नी याच राजाची कन्या होती. त्या विवाहाविरुद्ध संत योहान बाप्तिस्ता यांनी आवाज उठविला व त्याची किंमत प्राण देऊन चुकविली.

नबाती लोकांचे वैभव मुख्यत्वे दक्षिण अरबस्थानातून येणाऱ्या ऊद व गंधरसाच्या व्यापारावर उभे होते. उंटांचे तांडे शेकडो मैलांची निर्जल वाट तुडवीत भूमध्य समुद्राच्या बंदरांकडे जात. अशा वाटेवर माल राखण्याइतकेच पाणी राखणेही महत्त्वाचे असते.

लपविलेली टाकी

ग्रीक इतिहासकार दियोदोरस याने नबाती लोकांचे एक वर्णन करून ठेवले आहे. इ.स.पूर्व ३१२ च्या सुमारास ते घरे बांधीत नसत, धान्य पेरीत नसत व मद्य पीत नसत. त्यांचे खरे सामर्थ्य भूमीखाली होते. ते जमिनीत टाकी खणत, आतून चुन्याचा गिलावा करीत, तोंड अगदी लहान व पोट विस्तीर्ण ठेवीत. पावसाचे पाणी भरले की तोंड बुजवून टाकीत आणि केवळ स्वकीयांनाच कळेल अशी खूण करून ठेवीत. पाठलाग करणारे सैन्य तहानेने परत फिरे, नबाती मात्र टाक्यांच्या आधाराने वाळवंटात टिकून राहत.

आपल्या गडांवरील किंवा कान्हेरीच्या लेण्यांतील खोदीव टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कल्पना चटकन समजेल. फरक पावसाचा आहे. कोकणात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पेत्रा परिसरात तो साधारण दीडशे मिलिमीटर, तोही हिवाळ्यातील मोजक्या दिवसांत पडतो. हे मूठभर पाणी साठवून, पुढे नगर वसवून, नबाती लोकांनी हजारोंची तहान भागविली.

सीकच्या दोन भिंती

पेत्रात शिरण्याची मुख्य वाट म्हणजे सीक ही अरुंद घळ. तिची लांबी सुमारे १.२ किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंस खडकाचे उंच कडे आणि मधोमध पाऊलवाट. बहुतेक प्रवासी घळीच्या शेवटी दिसणाऱ्या 'खजिना' नामक कोरीव दर्शनी भागाच्या ओढीने भराभर पुढे जातात. सावकाश चालणाऱ्यास कड्यांच्या अंगावर दुसरे काही दिसते. एका बाजूस खडकात खोदलेला पाट आहे. दुसऱ्या बाजूच्या खाचेत एकात एक बसविलेले खापरी नळ होते व त्यांचे काही भाग आजही दिसतात. डोंगरावरील मोशेच्या झऱ्याचे पाणी या मार्गाने नगरात येत असे. मोशेने खडकातून पाणी काढले ते स्थान हेच, अशी स्थानिक परंपरा आहे व त्यावरूनच खोऱ्यास वादी मूसा हे नाव पडले.

आता घळीच्या तोंडाकडे वळू. येथे नबाती लोकांनी एक बंधारा घातला आणि बाजूच्या डोंगरातून बोगदा खोदला. झऱ्याचे पाणी पाटाने व नळाने सीकमधून आत न्यायचे, परंतु पुराचे पाणी बंधाऱ्याने अडवून बोगद्यातून दुसऱ्या घळीत वळवायचे, अशी ही दुहेरी योजना होती. त्यावाचून खजिन्यापुढील वाट सुरक्षित राहिली नसती.

पुराचे स्वरूपही समजून घ्यावयास हवे. आपल्याकडे पाऊस जमिनीत मुरतो आणि नदी चढताना दिसते. वाळवंटातील उघडा खडक पाणी पिऊन घेत नाही. दूरच्या डोंगरमाथ्यावर सर आली की सारे पाणी उतारावरून धावत एकाच घळीत गोळा होते. घळीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी निळे आकाशही असू शकते. पाण्याचा आवाज ऐकू येईतो पळावयास फारसा वेळ उरत नाही.

१९६३ चा आघात

नगर ओस पडल्यानंतर शतकानुशतके बंधाऱ्याची निगा कोणी राखली नाही व तो निकामी झाला. एप्रिल १९६३ मध्ये फ्रेंच कॅथोलिक यात्रेकरूंचा एक गट सीकमध्ये असताना अकस्मात पूर आला आणि वीसहून अधिक जण बुडून मरण पावले. पॅरिसचे धर्मगुरू व बायबलचे नामवंत अभ्यासक फादर जाँ स्टाइनमान हेही त्यांत होते. यशया, यिर्मया यांच्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाचा अंत बायबलच्या भूमीतील एका घळीत व्हावा, हे आठवले की मन विषण्ण होते.

त्यानंतर जॉर्डन सरकारने घळीच्या तोंडाशी पुन्हा बंधारा बांधला, तो प्राचीन बंधाऱ्याच्याच जागी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांचा निर्णय बरोबर होता, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

तरीही धोका सरलेला नाही. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी मृत समुद्राजवळ सहलीस गेलेल्या शाळकरी मुलांचा गट अचानक आलेल्या पुरात सापडला. त्या दुर्घटनेतील २१ मृतांत बहुतेक मुले होती. दोनच आठवड्यांनी, ९ नोव्हेंबर रोजी पेत्रातही पूर आला. तेथून साडेतीन हजारांहून अधिक पर्यटकांना वेळीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. आज पेत्रात पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणा आहे. परंतु सूचना मिळाल्यावर छायाचित्रासाठी पाच मिनिटे रेंगाळणाऱ्यास कोणतीही यंत्रणा वाचवू शकत नाही.

पेत्रातील ख्रिस्ती समाज

इ.स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजन याने नबाती राज्य आपल्या साम्राज्यात विलीन केले. पुढे येथे ख्रिस्ती समाज वाढला. 'कलशाची समाधी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भव्य खोदीव दालनाचे ४४६ मध्ये जेसन नामक बिशपांनी चर्चमध्ये रूपांतर केले, हे तेथील भिंतीवरच्या लेखावरून कळते. डोंगरावर आठशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर लागणाऱ्या वास्तूस 'दैर' म्हणजे मठ म्हणतात, ते तिच्या आतील भिंतीवर कोरलेल्या क्रूसांमुळे.

मे ३६३ मधील भूकंपाने नगराची मोठी हानी केली. त्यानंतर पेत्रा मेले, असे पूर्वी समजले जाई. डिसेंबर १९९३ मध्ये एका बायझंटाइन चर्चच्या बाजूच्या खोलीत सुमारे १४० जळालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या सापडल्या आणि ही समजूत दुरुस्त करावी लागली. ज्या आगीने चर्च भस्मसात केले, तिनेच या गुंडाळ्यांचा कोळसा करून त्या कुजण्यापासून वाचविल्या. सहाव्या शतकातील हे दस्तऐवज ग्रीक भाषेत आहेत. परंतु त्यांतील शेतांची व घरांची अनेक नावे अरबी वळणाची आहेत. जमीन, वारसा, विवाह, कर यांचे हे व्यवहार असून त्यांपैकी पुष्कळ ओबोदियानसचा पुत्र थिओदोरस याच्या कुटुंबाचे आहेत. हा थिओदोरस पुढे चर्चचा आर्चडीकन झाला. भूकंपानंतर दोनशे वर्षांनीही येथे लोक शेती करीत होते, मुलांची लग्ने लावीत होते व कर भरीत होते. नगर एका दिवसात मरत नाही.

अवशेषांत राहणारी माणसे

१८१२ साली बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने पेत्राचा 'शोध लावला', असे पुस्तकांत वाचावयास मिळते. युरोपला त्याने पेत्राची ओळख करून दिली, इतकेच खरे. अहरोनाच्या समाधीस बकरा अर्पण करावयाचा आहे, असे सांगून त्याने स्थानिक वाटाड्या मिळविला होता. म्हणजे वाट जाणणारी माणसे तेथे होतीच.

बदूल हे बेदुइन कुटुंबसमूह पेत्राच्या गुहांत व तंबूत राहत, शेळ्या पाळीत, पाऊस झाला तर थोडे धान्य पिकवीत. १९८५ साली युनेस्कोने पेत्रास जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास बदूल लोकांना जवळच वसविलेल्या उम्म सैहून या गावात हलविण्यात आले. पक्की घरे, वीज, शाळा मिळाल्या. मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. मात्र शेतीभाती व कळप मागे पडले आणि उदरनिर्वाह पर्यटकांवर अवलंबून राहिला. गावाच्या वाढीस जागा अपुरी पडू लागली. २०१९ मध्ये पेत्रास प्रथमच एका वर्षात दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले, तेव्हा या घरांत पैसा आला. प्रेक्षक थांबले तेव्हा चूल मंदावली. वारसा राखण्यासाठी वारसदारांना किती दूर ठेवावे, हा प्रश्न तेथे अद्याप सुटलेला नाही.

यात एक गोष्ट आपल्या हाती आहे. पेत्रात लहान मुले पोस्टकार्डे, माळा, रंगीत दगड विकावयास पुढे येतात. त्यांच्याकडून काही घेऊ नये, असे आवाहन तेथील प्रशासन करते. आपण दयेने दिलेला दिनार त्या मुलास दुसऱ्या दिवशी शाळेऐवजी अवशेषांकडे ओढून नेतो. खरेदी करावयाची असेल तर ती प्रौढ विक्रेत्यांकडून करावी व मुलांशी दोन शब्द बोलावेत.

वादी रम : खडकाखालचा झरा

पेत्राच्या दक्षिणेस असलेल्या वादी रममध्ये पाण्याची आणखी एक रीत पाहावयास मिळते. येथील डोंगरांत वर वालुकाश्म व खाली ग्रॅनाइट आहे. पावसाचे पाणी वालुकाश्मातून झिरपत उतरते, ग्रॅनाइटपाशी अडते आणि दोहोंच्या सांध्यावर झरा फुटतो. म्हणून डोंगराच्या कुशीत जेथे हिरवी रेघ दिसते तेथे पाणी, हे बेदुइन मेंढपाळ सहज सांगतो. अशाच झऱ्यांच्या सान्निध्यात नबाती लोकांनी मंदिर बांधले. परिसरातील खडकांवर सुमारे २५ हजार चित्रे व २० हजार लेख कोरलेले आहेत. २०११ साली हे क्षेत्र जागतिक वारसास्थळ ठरले. त्यापूर्वी २००५ मध्ये युनेस्कोने पेत्रा व वादी रम येथील बेदुइनांच्या मौखिक परंपरेचाही गौरव केला होता.

याच भागात भूमीखाली दिसी नावाचा प्राचीन जलसाठा आहे. २०१३ पासून ३२५ किलोमीटर लांबीच्या नळमार्गाने त्याचे पाणी अम्मानकडे नेले जाते. हे पाणी हजारो वर्षांपूर्वीचे आहे. उपसले तितके पुन्हा भरत नाही. अम्मानमधील हॉटेलात नळ सोडताना आपल्या गटातील प्रत्येकाने हे स्मरावे.

गटाने काय करावे?

आम्ही सुचवितो, की निघण्यापूर्वी धर्मग्रामात निदान दोन संध्याकाळी एकत्र बसावे. एकीत वर उल्लेखिलेले बायबलचे उतारे नकाशासह वाचावेत; दुसरीत पाण्याची व्यवस्था समजून घ्यावी. पेत्रासाठी किमान एक पूर्ण दिवस ठेवण्याचा आग्रह प्रवास-आयोजकांकडे धरावा. ऑक्टोबर ते मे या काळात निघण्यापूर्वी हवामानाची चौकशी करावी, घळीत जाण्यास मनाई असेल तर हुज्जत घालू नये व पूर आल्याची सूचना मिळताच सामान सोडून उंच जागा गाठावी. गटप्रमुखाने माणसे मोजावीत, पिशव्या नव्हे.

वादी रममध्ये एक मुक्काम करावा. शेळीच्या केसांचा काळा तंबू पाहताना तो कसा विणतात हे विचारावे. हे केस भिजले की फुगतात व पाणी आत येऊ देत नाहीत. कॉफीचा पेला पुढे आला तर स्वीकारावा आणि पुरे झाल्यावर तो हलकेच हलवून परत द्यावा, अशी तेथील रीत आहे. छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, स्त्रियांच्या बाबतीत तर अवश्यच. वाटाड्यास केवळ जीपचा चालक न समजता त्याला विचारावे : पाणी कोठे आहे? वाट कशी ओळखता? पाऊस येणार हे कसे कळते?

या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडणार नाहीत. नबाती राजांची सत्ता जाऊन एकोणीसशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु पाणी कोठे शोधावे व कोठून दूर पळावे, हे ज्ञान त्या वाळवंटात राहणाऱ्या माणसांपाशी अजून आहे. ते नम्रपणे ऐकून घेतले, तर आपली अभ्यासयात्रा सार्थकी लागेल.